जुनी सायकल घ्यायची की नवी? पुण्यात पहिल्यांदा सायकल घेणाऱ्यांसाठी

शिकायला किंवा नोकरीला पुण्यात आलेल्या माणसाने सायकल घ्यायचा विचार बोलून दाखवला की पहिला सल्ला ठरलेला असतो: "आधी एखादी जुनी घे, चालवतोस की नाही ते बघ, मग नवीचं पाहू." सल्ल्यामागचा हेतू चांगला आहे, पण त्यात एक गोष्ट राहून जाते. जुनी सायकल चुकीची निघाली तर चेन उतरत राहते, ब्रेक घासतात, गुडघे दुखतात, आणि नवखा माणूस सायकलीलाच कंटाळतो. दोष त्या सायकलीचा असतो, पण त्याला वाटतं आपल्यालाच हे जमणारं नाही.

मी दोन्ही प्रकारे सायकली घेतल्या आहेत आणि ओळखीच्या बऱ्याच जणांबरोबर सायकल बघायला गेलो आहे. त्यावरून माझं मत असं झालंय की विकणारा सांगतो ती जुन्या सायकलीची खरी किंमत नसतेच. ती रस्त्यावर नीट धावायला लागेपर्यंत खिशातून जे जातं, ती तिची किंमत. हा आकडा आधी काढता आला तर जुनी की नवी याचं उत्तर बहुतेक वेळा आपोआप मिळतं. पुढचे टप्पे तो आकडा काढण्यासाठी आहेत.

१. रोज कुठून कुठे जाणार, ते आधी ठरवा

पेठांमध्ये फिरायचं असेल, कोथरूडहून डेक्कनला जायचं असेल तर साधी, बिनगिअरची सायकल पुरते. चांदणी चौकाचा चढ किंवा कात्रजचा घाट रोजच्या वाटेवर असेल तर गिअर हवेत. रविवारी खडकवासल्याच्या पुढे सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जायची इच्छा असेल तर हायब्रिड बघा. हायब्रिड म्हणजे सरळ हँडल, मध्यम जाडीचे टायर आणि मागेपुढे पुरेसे गिअर असलेली सायकल. नवख्यांपैकी बहुतेकांना हीच लागते.

जाड टायर, पुढे-मागे सस्पेन्शन, दोन्हीकडे डिस्क ब्रेक आणि तरीही किंमत दहा हजारांच्या आत, अशा सायकलींपासून दूर राहा. मग ती नवी असो की जुनी. लोखंडी फ्रेमची अशी सायकल फार जड असते, मागचं स्प्रिंग पायाची बरीच ताकद खातं आणि स्वस्तातले डिस्क ब्रेक सतत जुळवून घ्यावे लागतात. दुकानात ती सगळ्यात देखणी दिसते, म्हणून हे आधीच सांगून ठेवतो.

२. आपलं माप माहीत करून घ्या

जुन्या सायकलीच्या बाबतीत सगळ्यात जास्त फसगत मापात होते, कारण समोर एकच सायकल असते आणि भाव आवडलेला असतो. लहान-मोठ्या फ्रेमवर सीट वर-खाली करून काम भागत नाही. हँडलपर्यंतचं अंतर फ्रेमच ठरवते.

घरीच करता येईल अशी तपासणी: सायकलीच्या आडव्या दांड्यावर दोन्ही बाजूंना पाय टेकवून उभे राहा. दांडा आणि मांड्यांचा सांधा यांत दोन-तीन बोटं जागा राहायला हवी, माउंटन बाइक असेल तर आणखी जास्त. मग सीटवर बसा, एक पेडल सर्वांत खाली न्या आणि त्यावर टाच ठेवा. पाय सरळ झाला तर सीटची उंची बरोबर. या उंचीवर सीटची दांडी 'मिनिमम'च्या खुणेच्या (निदान इथपर्यंत दांडी आत राहायला हवी, या खुणेच्या) वर येत असेल, तर फ्रेम तुम्हाला लहान आहे. सीट पूर्ण खाली घेऊनही टाच पेडलला पोचत नसेल तर मोठी आहे. दोन्ही वेळा ती सायकल सोडून द्या, भाव कितीही उतरला तरी.

चाकाचा आकार म्हणजे सायकलीचं माप नव्हे. २६, २७.५, २९ हे इंच चाकाचे असतात. फ्रेमचं माप वेगळं, ते इंचात किंवा एस, एम, एल असं लिहिलेलं असतं.

३. कोणी जुनी घ्यावी, कोणी नवी

लहान मुलांसाठी जुनीच घ्या. मूल दीड-दोन वर्षांत १६ इंची चाकावरून २० इंचीवर जातं आणि आधीची सायकल बऱ्याचदा धडधाकट असते. दोन-तीन वर्षांच्या शिक्षणासाठी आलेल्या विद्यार्थ्यांनीही जुनी घ्यावी. मेकॅनिक ओळखीचा असेल किंवा स्वतः पान्हा हातात धरायची आवड असेल, तर जुन्या सायकलीइतका चांगला सौदा नाही.

कामावर वेळेत पोचण्यासाठी रोज सायकलीवरच अवलंबून राहणार असाल आणि दुरुस्तीची अजिबात सवय नसेल, तर नवीकडे बघा. खूप उंच किंवा खूप ठेंगण्या माणसांनीही नवीच बघावी, कारण जुन्या बाजारात त्यांच्या मापाची सायकल सापडेपर्यंत पावसाळा येऊन जातो. नव्या सायकलीच्या फ्रेमला कंपनीची वॉरंटी असते. ती बहुतेक कंपन्या पहिल्या मालकापुरतीच देतात, त्यामुळे जुनी घेताना "अजून वॉरंटीत आहे" या वाक्याला भाव वाढवून देऊ नका.

४. जुनी कुठे शोधायची

मे-जूनमध्ये अभ्यासक्रम संपवून विद्यार्थी शहर सोडतात, तेव्हा वसतिगृहांच्या आणि महाविद्यालयांच्या सूचना फलकांवर चांगल्या सायकली मिळतात. दुसरी खाण म्हणजे सोसायट्यांचं पार्किंग. २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात खूप जणांनी हौसेने सायकली घेतल्या आणि त्यातल्या कितीतरी तेव्हापासून धूळ खात उभ्या आहेत. सोसायटीच्या ग्रुपवर विचारा, सुरक्षारक्षकाला विचारा. जुन्या सायकली बदलून घेणारी काही दुकानंही असतात. तिथे भाव थोडा चढा असतो, पण ओव्हरऑइलिंग (सगळे भाग खोलून साफसफाई आणि नवं ग्रीस) झालेलं असतं आणि पावती मिळते.

मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. सुट्या वस्तू, हत्यारं यांसाठी तिथे जरूर जा. पूर्ण सायकल मात्र विकणाऱ्याचा नाव-पत्ता आणि लेखी पावती मिळत नसेल तर कुठूनच घेऊ नका.

ऑनलाइन जाहिरातीवरून घेत असाल तर सायकल डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नका. "माझी बदली झालीय, सायकल पार्सलने पाठवतो, गाडीभाडं आधी टाका" हा फसवणुकीचा ठरलेला प्रकार आहे.

५. बघायला जाताना सोबत काय न्यायचं

बारा इंची स्टीलची पट्टी, मोजायची टेप, ४, ५ आणि ६ मिमीच्या ॲलन की (षटकोनी किल्ल्या), पंप, मोबाइलचा टॉर्च, हात पुसायला फडकं आणि टिपणासाठी वही. दिवसाउजेडी जा. पार्किंगच्या अंधारात गंज आणि तडे दिसत नाहीत.

६. तपासणी

इथे घाई करू नका. अर्धा तास लागला तर लागू द्या. विकणारा घाई करत असेल तर त्यालाच एक खूण समजा.

फ्रेमपासून सुरुवात करा. सायकल उलटी करून पेडलच्या आसाखालच्या नळीवर कोरलेला फ्रेम नंबर बघा. तो घासलेला किंवा रंगाने बुजवलेला असेल तर तिथूनच परत फिरा. मग सगळे सांधे टॉर्चने बघा: हँडलच्या नळीला खालचा दांडा जोडला आहे ती जागा, सीटखालचा जोड, मागचं चाक अडकतं ती टोकं. हँडलच्या मागे, खालच्या दांड्याच्या पोटाशी रंगाला सुरकुत्या पडल्या असतील तर सायकल समोरून कुठेतरी आदळलेली आहे. लोखंडी फ्रेमला तडा गेला तर चांगला वेल्डर ती जोडून देऊ शकतो. ॲल्युमिनियमची फ्रेम तडकली तर दुरुस्तीच्या भानगडीत पडू नका.

सीटची दांडी सैल करून वर-खाली करून दाखवायला सांगा. पावसात भिजलेल्या आणि वर्षानुवर्षं न हललेल्या सायकलीत ती आत गच्च बसलेली असते. लोखंडी फ्रेममध्ये ॲल्युमिनियमची दांडी अडकली असेल तर ती काढणं मोठं काम आहे. मुंबईहून किंवा कोकणातून आलेली सायकल असेल तर खाऱ्या हवेचा गंज बघण्यासाठी नटबोल्ट, स्पोकची टोकं आणि केबलची तोंडं बारकाईने तपासा.

आता पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवा. हँडलखाली ठकठक जाणवली तर बॉल-सेट (हँडल ज्यावर वळतं ते बेअरिंग) सैल आहे, तो आवळता येतो. पुढचं चाक उचलून हँडल अगदी हळू दोन्हीकडे वळवा. बरोबर मध्यावर ते खाचेत पडल्यासारखं अडकत असेल तर वाट्यांमध्ये खड्डे पडले आहेत आणि सेट बदलावाच लागेल.

चाकं फिरवून ब्रेक-शू आणि रिम यांच्यामधली फट बघत राहा. रिम दोन-तीन मिमी डावी-उजवीकडे डुलत असेल तर मेकॅनिक आउट काढून (स्पोक आवळून चाक सरळ करून) देईल. एखाद-दुसरा स्पोक तुटलेला चालेल. रिमवर वर-खाली उडी जाणवत असेल तर मात्र रिम खड्ड्यात बसून वाकली आहे. रिम ब्रेकच्या सायकलीत रिमच्या कडेवर बोट फिरवा. ती आत खोलगट झाली असेल तर शू घासून घासून रिम पातळ झालेली आहे. त्यानंतर रिम हातात धरून आडवी हलवा. खडखड झाली तर हबचे (चाकाच्या मधल्या भागाचे) कोन सैल झालेत किंवा छर्रे झिजलेत. दोन्ही क्रँकही (पेडल जोडलेले दांडे) तसेच आडवे हलवून बघा. तिथे ढिलेपणा असेल तर मधल्या आसाच्या बेअरिंगचा खर्च धरा.

चेनसाठी पट्टी बाहेर काढा. सायकलीच्या चेनमध्ये एका पिनेपासून पुढच्या पिनेचं अंतर अर्धा इंच असतं. म्हणजे पट्टीचा शून्य एका पिनेच्या मध्यावर धरला तर तिच्यापुढची चोविसावी पिन बरोबर १२ इंचांवर यायला हवी. ती एक-सोळांश इंच पुढे गेली असेल तर चेन बदलायची वेळ झाली. एक-अष्टमांश इंच पुढे असेल तर मागचे दातेही त्या ताणलेल्या चेनबरोबर झिजलेले असतात आणि दोन्ही एकदम बदलावे लागतात. फक्त चेन बदलली तर ती जुन्या दात्यांवरून घसरते. "नवी चेन टाकलीय" असं विकणारा सांगत असेल तर चढावर जोर लावून बघा. घसरते की नाही ते तिथे लगेच कळतं.

गिअरच्या सायकलीत मागून डोळा लावून बघा. मागच्या डिरेलरची (चेन एका दात्यावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या भागाची) दोन छोटी चाकं सरळ एकाखाली एक दिसायला हवीत. ती तिरकी असतील तर सायकल उजव्या अंगावर पडून हँगर (डिरेलर अडकवायचा तुकडा) वाकला आहे. तो सरळ करता येतो, पण तुटला तर प्रत्येक मॉडेलचा हँगर वेगळा असतो आणि बंद पडलेल्या मॉडेलचा मिळवताना नाकीनऊ येतात. स्वस्त सस्पेन्शन फोर्कचंही (पुढचं चाक धरणाऱ्या स्प्रिंगच्या चिमट्याचंही) तसंच आहे. दाबल्यावर तो परत वर येत नसेल तर सुटे भाग शोधण्यापेक्षा फोर्क बदलायचा खर्च धरा.

टायर शेवटी बघा, पण दुर्लक्ष करू नका. टाळेबंदीतली "एकदम नवीसारखी, फार चालवलेलीच नाही" सायकल हमखास इथे अडते. न चालवलेलं रबरही जुनं होतं. हवा उतरून वर्षानुवर्षं एकाच जागी दबलेल्या टायरच्या बाजूंना बारीक भेगा पडतात, ब्रेकचे रबर दगडासारखे कडक होतात, केबल आतून गंजतात आणि बेअरिंगमधलं ग्रीस वाळून जातं. सायकल दिसते चकचकीत आणि खर्च होतो पूर्ण ओव्हरऑइलिंगचा. तरीही अशी सायकल मला आवडते, कारण फ्रेम, दाते आणि रिम खरोखर कमी झिजलेले असतात. फक्त भाव ठरवताना "नवीसारखी" हा शब्द बाजूला ठेवा.

टायरवरचा आकारही वहीत लिहून घ्या, विशेषतः ४०-६२२ असा जोडआकडा. पहिला आकडा रुंदीचा, दुसरा रिमच्या व्यासाचा, दोन्ही मिमीमध्ये. २६ इंच म्हणून विकल्या जाणाऱ्या चाकांमध्येही दुसरा आकडा ५५९ किंवा ५९० असू शकतो आणि एकाचा टायर दुसऱ्याला बसत नाही.

७. चालवून बघा

विकणाऱ्याकडे ओळखपत्र किंवा स्वतःची गाडी ठेवा आणि दहा मिनिटं मागून घ्या. गल्लीतल्या एका फेरीने काही कळत नाही. थोडा चढ शोधा, प्रत्येक गिअर टाकून बघा, दोन्ही ब्रेक वेगवेगळे दाबा. रिकाम्या सरळ रस्त्यावर हँडल हलकेच धरा. सायकल सतत एका बाजूला ओढत असेल तर फोर्क किंवा फ्रेम वाकलेली असण्याची शक्यता आहे, आणि ते बाजूने बघूनही कळतं: फोर्कचा वरचा भाग हँडलच्या नळीच्या रेषेतच खाली उतरायला हवा.

८. आता बेरीज

इथे एक उदाहरण घेऊ. आकडे समजण्यापुरते आहेत, तुमच्या मेकॅनिककडून खरे विचारून घ्या. जुन्या हायब्रिडचे ८,००० सांगितले. दोन टायर-ट्यूबचे १,८००, चेन आणि मागच्या दात्यांचे १,०००, केबल आणि ब्रेक-शूंचे ५००, ओव्हरऑइलिंगचे ९००. एकूण १२,२००. तशीच नवी आज १६,५०० ला मिळते.

माझा नियम असा: ही बेरीज नव्या सायकलीच्या दोन-तृतीयांशाच्या वर गेली तर नवी घ्यावी. १६,५०० चे दोन-तृतीयांश ११,०००. दुरुस्तीचे ४,२०० वजा केले तर या सायकलीला ६,८०० च्या वर देऊ नये. वहीतली यादी समोर ठेवून विकणाऱ्याशी बोला. "खूप जुनी आहे हो, कमी करा" म्हणण्यापेक्षा "टायरना भेगा आहेत, चेन ताणलीय, याचे एवढे होतात" हे समंजस माणसाला पटतं.

तुलना नेहमी आजच्या भावाशी करा, विकणाऱ्याच्या जुन्या बिलाशी नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलींवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. मूळ किंमत तीच धरली तर जुन्या दराने १५,००० ला पडलेली सायकल आज साधारण १४,०६० ला पडायला हवी.

आणि दोन्ही पर्यायांत कुलूप, पुढचा-मागचा दिवा, हेल्मेट, पंप, मडगार्ड यांचे पैसे वेगळे ठेवा. जुन्या सायकलीबरोबर यातलं काही मिळत असेल तर ते तिच्या बाजूने मोजा.

९. कागद

सायकलीला मोटारसायकलीसारखं आरसी बुक नसतं. मालकीचा पुरावा म्हणजे तुमच्या हातातला कागद. म्हणून एवढं नक्की घ्या:

- मूळ बिल असेल तर ते, निदान त्याचा फोटो
- विकणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत
- तारीख, दोघांची नावं-पत्ते, सायकलीचं नाव, रंग, फ्रेम नंबर आणि रक्कम लिहिलेली सहीची पावती. रक्कम ५,००० च्या वर असेल तर तिच्यावर एक रुपयाचं रेव्हेन्यू स्टॅम्प लावून त्यावर सही
- शक्यतो यूपीआयने पैसे, म्हणजे नोंद राहते
- फ्रेम नंबरचा आणि विकणाऱ्याच्या दारात उभ्या असलेल्या सायकलीचा फोटो

चोरीचा माल आहे हे माहीत असताना, किंवा तसं वाटायला कारण असताना तो घेणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. वीस हजारांची सायकल कोणी तीन हजारांत देत असेल, बिल नाही, कुलपाची किल्ली नाही आणि सायकल कधी घेतली तेही सांगता येत नाही, तर कारण समोरच उभं आहे.

१०. नवी घेत असाल तर

आधी मापाने बसून बघा, मग ब्रँड. ऑनलाइन मागवलेली सायकल खोक्यात अर्धवट जोडलेली येते. हँडल, पुढचं चाक, पेडल आणि सीट आपल्याला बसवावी लागते, शिवाय गिअर आणि ब्रेक जुळवावे लागतात. हे जमत नसेल तर शेजारच्या दुकानातून घ्या. डावं पेडल उलट्या आट्यांचं असतं. घाईत चुकीच्या बाजूला फिरवून क्रँकचे आटे खराब होणं फार सर्रास घडतं.

दुकानात बिलावर फ्रेम नंबर लिहून घ्या आणि मोफत सर्व्हिसिंग किती व कधीपर्यंत ते विचारा. ती पहिली सर्व्हिसिंग कधीही चुकवू नका. पहिल्या काही आठवड्यांत केबल ताणतात, स्पोक स्थिरावतात, क्रँकचे बोल्ट सैल पडतात. क्रँक सैल असताना तशीच चालवत राहिलात तर त्याचं चौकोनी भोक मोठं होतं आणि मग तो कितीही आवळला तरी टिकत नाही. जुनी सायकल ओव्हरऑइलिंग करून आणली असेल तर तिलाही हेच लागू आहे: महिनाभराने पुन्हा मेकॅनिककडे न्या आणि क्रँक, हब आणि हँडलचा बॉल-सेट समोर उभं राहून आवळून घ्या.